चुंबकाकडे झुकणारं पातळ मीठ

भोसरीच्या एमआयडीसीत काही वर्षांपूर्वी एका लहानशा प्लेटिंग शॉपमध्ये जाण्याचा योग आला. मोटारसायकलचे सुटे भाग, नळाच्या तोट्या, दरवाज्यांच्या मुठी असा सगळा माल तिथे क्रोम चढवायला यायचा. एका ओळीत टाक्या मांडलेल्या. शेवटच्या टाकीतलं द्रावण गडद तांबूस, जवळजवळ काळपट. वीज सुरू झाली की त्यातून बारीक बुडबुडे उसळायचे आणि टाकीच्या काठावर पिवळसर धुकं तरंगायचं. त्या टाकीवर वीसेक वर्षं काढलेल्या एका काकांना विचारलं, ‘काही त्रास होतो का?’ ते म्हणाले, ‘त्रास असा नाही साहेब. फक्त रात्री झोपलं की नाकातून शिट्टी वाजते. घरचे वैतागतात.’

ही शिट्टी वैद्यकशास्त्राला चांगली परिचयाची आहे. टाकीतल्या द्रावणात क्रोमिक आम्ल असतं आणि त्यातला क्रोमियम ‘षट्संयुजी’, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. बुडबुडा फुटला की आम्लाचा सूक्ष्म तुषार हवेत उडतो, श्वासाबरोबर नाकात जातो आणि दोन नाकपुड्यांमधला पडदा हळूहळू झिजवतो. शेवटी त्याला छिद्र पडतं. बऱ्याचदा ते दुखत नाही, म्हणून माणूस डॉक्टरांकडे जात नाही. लहान छिद्रातून हवा गेली की शिट्टी वाजते, एवढंच. पण जो तुषार नाकात जातो तो फुप्फुसातही जातो, आणि षट्संयुजी क्रोमियममुळे माणसाला फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आता वादातीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे सिगारेटच्या धुराच्या पंगतीत बसवलं आहे.

या टाकीला पर्याय म्हणून इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात एक द्रव तयार झाला. गर्द हिरवा, काकवीसारखा दाट. त्याचा एक घटक कोंबड्यांच्या खाद्यात मिसळतात, दुसरा आहे क्रोमियमचाच एक क्षार. दोन्ही घटक मुळात स्फटिक, घन. बाटलीतून पाणी ओतायचं नाही, स्पिरिट नाही, तेल नाही. दोन कोरडे पदार्थ एकत्र करून किंचित गरम करायचे, की त्यांचा रस होतो. अशा द्रवांचं एक मोठं कुटुंब आहे, त्यांना आयनी द्रव म्हणतात. त्यातल्या धातू असणाऱ्या शाखेची ही गोष्ट.

मीठ म्हणजे काय, इथून सुरुवात करायला हवी. तव्यावर चमचाभर मीठ टाकून गॅस कितीही मोठा केला तरी ते तडतडेल, पण वितळणार नाही. त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. मिठात सोडियमचे धनभारित आणि क्लोरिनचे ऋणभारित कण असतात. हे भारित कण म्हणजेच आयन. ते एकमेकांना घट्ट धरून बसतात, आणि दोन्ही आकाराने गोल, आटोपशीर असल्याने त्यांची रचनाही अगदी नीट होते. दिवाळीत डब्यात लाडू कसे थरावर थर बसतात, तसं. आता त्याच डब्यात लाडवांच्या जोडीला करंज्या आणि कडबोळी भरायला घ्या. कुठेच काही नीट बसत नाही, मध्ये पोकळ्या राहतात, डबा हलवला की सगळं सरकतं. रसायनशास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं. धन आयन म्हणून सोडियमऐवजी एक मोठा, वेडावाकडा, बाजूला लांब शेपूट असलेला कार्बनी रेणू घेतला. त्याचा विद्युतभारही एका ठिकाणी न राहता पसरलेला. त्यामुळे आयनांची पकड ढिली होते, घट्ट स्फटिक जमत नाही, आणि खोलीच्या तापमानालाच ‘मीठ’ पातळ राहतं. शंभर अंशांच्या खाली वितळणाऱ्या क्षाराला आयनी द्रव म्हणायचं, असा संकेत आहे.

इथे एक गफलत नेहमी होते. मिठाचं पाणी म्हणजे आयनी द्रव नव्हे. मिठाच्या पाण्यात बहुतांश पाणीच असतं. आयनी द्रवात आयनांखेरीज काहीच नसतं.

पहिला असा द्रव १९१४ साली पॉल वाल्डेन यांनी नोंदवला. जन्माने लॅटव्हियाचे, रिगामध्ये काम केलेले हे शास्त्रज्ञ वितळलेल्या क्षारांतून वीज कशी वाहते याचा अभ्यास करत होते. इथाइलअमोनियम नायट्रेट हा क्षार १२ अंशांनाच वितळतो, असं त्यांना दिसलं. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. त्या निबंधाकडे पुढे अनेक दशकं कोणी फारसं पाहिलं नाही.

धातू या कथेत आला तो अॅल्युमिनियमच्या वाटेने. लोखंडावर तांबं किंवा निकेल चढवायचं तर पाण्यातलं द्रावण चालतं. अॅल्युमिनियमला ते चालत नाही. वीज सोडली की धातू साठण्याआधी पाण्याचंच विघटन होऊन हायड्रोजन सुटायला लागतो. म्हणजे पाणी नसलेला, तरीही वीज वाहून नेणारा द्रव हवा. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस इन्स्टिट्यूटमध्ये फ्रँक हर्ली आणि थॉमस वायर या दोघांनी अॅल्युमिनियम क्लोराइडची पूड आणि इथाइलपिरिडिनियम ब्रोमाइड नावाचा कार्बनी क्षार एकत्र केला, आणि त्या मिश्रणाचा द्रव झाला. १९५१ साली त्यांनी त्यातून अॅल्युमिनियमचा थर चढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दोन कोरड्या पुडी एकत्र आल्या की पातळ होतात ही गंमत कोणालाही चकित करणारी आहे, पण कारण साधं आहे. अॅल्युमिनियम क्लोराइड ऋण आयनांचा भुकेला असतो. तो कार्बनी क्षाराकडून ब्रोमाइड ओढून घेतो आणि मध्ये अॅल्युमिनियम असलेला मोठा ऋण आयन तयार होतो. आता धनही मोठा, ऋणही मोठा. डब्यात बसायला कोणीच तयार नाही.

या ओढाताणीत भरपूर उष्णता सुटते. म्हणून पुडी एकदम ओतायची नाही, चिमटी-चिमटीने, हलवत हलवत घालायची. प्रमाणही जपायचं. दोन्ही समसमान असतील तर द्रव शांत असतो. अॅल्युमिनियम क्लोराइड जास्त झालं तर उरलेलं क्लोराइड मिळवण्यासाठी दोन-दोन अॅल्युमिनियम एकत्र येऊन आणखी मोठा आयन बनवतात आणि द्रव जबरदस्त आम्लधर्मी होतो. एकाच बरणीतल्या द्रवाचा स्वभाव केवळ मापाने बदलायचा, ही सोय पाण्याला किंवा अल्कोहोलला नाही.

पुढचा टप्पा लष्करी आहे. कॉलोराडो स्प्रिंग्ज इथल्या अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत १९६३ पासून लॉवेल किंग यांच्या पुढाकाराने विशिष्ट बॅटऱ्यांवर काम सुरू झालं. त्या बॅटऱ्यांत वितळलेले क्षार असायचे आणि त्यांचं तापमान ३७५ अंशांच्या वर जायचं. शेजारची उपकरणं भाजून निघणार हे उघड आहे. कमी तापमानाला पातळ राहणारा क्षार शोधता शोधता जॉन विल्क्स आणि त्यांचे सहकारी १९८२ मध्ये इमिडाझोलियम या नव्या धन आयनापर्यंत पोचले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जे आयनी द्रव दिसतात, त्यांतल्या बहुतेकांत हाच आयन किंवा त्याचं एखादं भावंड असतं.

पण अॅल्युमिनियमच्या या द्रवांचा एक दोष कोणालाच सुटला नाही. हवेतली आर्द्रता त्यांना सोसत नाही. पाण्याचा अंश लागला की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. त्यामुळे सगळं काम ग्लोव्ह बॉक्समध्ये, कोरड्या आर्गॉन वायूत, रबरी हातमोजे आत घालून करायचं. मुंबईच्या जुलै महिन्यात असली बाटली उघडी ठेवायची कल्पनाही नको. १९९२ मध्ये विल्क्स आणि मायकेल झॅवरोत्को यांनी हवा-पाण्यात टिकणारे, धातू नसलेले आयनी द्रव बनवले, आणि संशोधकांची गर्दी तिकडे वळली. धातूवाली शाखा काही काळ मागे पडली.

तिला पुन्हा प्रसिद्धी मिळाली ती एका चुंबकामुळे. टोकियो विद्यापीठातले सातोशी हायाशी आणि हिरो हामागुची यांनी २००४ मध्ये लोखंड असलेला एक आयनी द्रव चुंबकाजवळ नेला. द्रव आपल्या जागेवरून सरकून चुंबकाच्या बाजूला ओढला गेला. गंमत म्हणजे हा द्रव त्याआधीही प्रयोगशाळांत बनवला गेला होता. पण त्याच्याजवळ चुंबक नेऊन बघावं असं कोणाला वाटलं नव्हतं!

हा द्रव बनवणं इतकं सोपं आहे की रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातही त्याचा प्रयोग ठेवता येईल. आधी मिथाइलइमिडाझोल आणि क्लोरोब्यूटेन हे दोन द्रव साधारण ७० ते ८० अंशांवर एक-दोन दिवस तापत ठेवायचे. इमिडाझोलच्या कड्याला चार कार्बनची शेपटी जोडली जाते, क्लोरिन सुटा होऊन क्लोराइड आयन बनतो, आणि थंड झाल्यावर पांढरे स्फटिक मिळतात. ते इथाइल अॅसिटेटने धुवायचे, म्हणजे उरलेला कच्चा माल निघून जातो, मग निर्वात करून सुकवायचे. वेळ लागतो तो इथेच, आणि शुद्धता बिघडते तीही इथेच. यापुढचं काम काही मिनिटांचं. हे पांढरे स्फटिक आणि फेरिक क्लोराइड सम प्रमाणात एकत्र करून ढवळायचे. फेरिक क्लोराइड म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सर्किट बोर्ड कोरण्यासाठी मिळतं तेच. ते शर्टावर पडलं की तपकिरी डाग काही केल्या जात नाही, याचा अनुभव इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असलेल्या प्रत्येकाला असेल. बघता बघता दोन्ही घन पदार्थांचा गडद तपकिरी द्रव होतो. फेरिक क्लोराइड स्फटिकजलासह घेतलं असेल तर सुटलेलं पाणी वेगळा थर होऊन वर येतं आणि ते काढून टाकता येतं.

लोखंडाचा अणू चार क्लोरिनच्या मध्ये बसतो आणि त्याच्याकडे पाच एकटे, जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन असतात. असा प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक इवलंसं चुंबक. म्हणजे या द्रवातला प्रत्येक ऋण आयन चुंबकाला प्रतिसाद देतो. ‘फेरोफ्लुइड’ नावाचा काळा, काटे उभारणारा द्रव अनेकांनी व्हिडिओत पाहिला असेल. तो वेगळा. त्यात तेलात किंवा पाण्यात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवलेले असतात, आणि त्यांनी गोळा होऊन खाली बसू नये म्हणून त्यांच्यावर लेप द्यावा लागतो. आयनी द्रवात कण नाहीत, त्यामुळे खाली बसायचाही प्रश्न नाही. मात्र ओढ बरीच कमी. फ्रिजवर लावायच्या चुंबकाने काही होणार नाही, निओडायमियमचं जोरदार चुंबक लागतं.

लोखंडाऐवजी दुसरा धातू घातला की द्रवाचे गुण बदलतात. कोबाल्टने तो निळा होतो. डिस्प्रोसियम हा दुर्मीळ मृदा धातू घातला तर चुंबकाची ओढ आणखी वाढते आणि योग्य प्रकाशात द्रव चमकतोही. २००८ मध्ये जर्मनीत आन्या-व्हेरेना मुडरिंग यांच्या गटाने असे द्रव बनवले. पण डिस्प्रोसियमची किंमत पाहता ते प्रयोगशाळेबाहेर यायला बराच अवकाश आहे, असं माझं मत.

चुंबकाकडे जाणाऱ्या द्रवाचा उपयोग काय? कोविडच्या काळात आरटीपीसीआर हा शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडी होता. त्या चाचणीची पहिली पायरी म्हणजे नमुन्यातून विषाणूचं आरएनए वेगळं काढणं. त्यासाठी अनेक यंत्रांत चुंबकीय मणी वापरतात. आरएनए मण्यांना चिकटतं, चुंबकाने मणी बाजूला ओढायचे, बाकीचं फेकायचं. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले जॅरेड अँडरसन आणि त्यांचे सहकारी मण्यांऐवजी चुंबकीय आयनी द्रवाचा थेंब वापरतात. इथे धन आयन मुद्दाम लांब-लांब कार्बनी साखळ्यांचा घेतात, म्हणजे थेंब पाण्यात मिसळत नाही. थेंब नमुन्यात ढवळला की डीएनए त्यात उतरतं, मग चुंबक लावून थेंब गोळा करायचा.

यात एक अडचण आली. लोखंडामुळे पीसीआरचं एन्झाइम मंदावतं. मग त्या गटाने पीसीआरचं मिश्रणच असं जुळवलं की लोखंडाचा अडथळा दूर होईल आणि थेंब सरळ यंत्रात टाकता येईल. दुसरी अडचण म्हणजे लोखंडाचा हा आयन पाण्यात फार काळ टिकत नाही, म्हणून पुढे मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांना अधिक घट्ट धरून ठेवणाऱ्या रेणूंची जोड देऊन नवे द्रव तयार झाले. रुग्णालयांत हे अजून नेहमीच्या वापरात आलेलं नाही.

कारखान्यात मात्र धातूचे आयनी द्रव पोचले आहेत. नैसर्गिक वायूत अनेक ठिकाणी पाऱ्याचा अंश असतो. आग्नेय आशियातल्या काही विहिरींत तो बराच जास्त. पारा अॅल्युमिनियमला आतून ठिसूळ करतो, आणि वायू थंड करणारी यंत्रं अॅल्युमिनियमची असतात. १९७३ मध्ये अल्जीरियात स्किकदा इथल्या प्रकल्पात अशी यंत्रं निकामी झाली. २००४ च्या १ जानेवारीला ऑस्ट्रेलियात मूम्बा इथल्या वायू प्रकल्पात स्फोट झाला, त्याचं मूळही पाऱ्यात सापडलं. आणि यंत्राला जे घातक ते माणसालाही. पारा मज्जासंस्थेवर काय परिणाम करतो ते १९५६ मध्ये जपानमधल्या मिनामाताने जगाला दाखवलं. त्या गावाच्या नावाने झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराला भारतानेही २०१८ मध्ये मान्यता दिली आहे.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या आयनी द्रवांच्या केंद्राने मलेशियाच्या पेट्रोनास कंपनीबरोबर यावर उपाय शोधला. तांबं आणि क्लोराइड असलेला आयनी द्रव सिलिकाच्या सच्छिद्र दाण्यांत मुरवायचा. दाणे कोरडेच दिसतात, पण आतल्या छिद्रांना द्रवाचा पातळ लेप असतो. वायू त्यातून गेला की तांबं पाऱ्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, पाऱ्याचा आयन होतो, आणि आजूबाजूचे क्लोराइड त्याला पकडून ठेवतात. वाफेसारखा निसटणारा पारा आता क्षार होऊन अडकला. आयनी द्रव उडून जात नसल्याने वायूच्या प्रवाहात त्याचीही घट होत नाही. प्रयोगशाळेतल्या पहिल्या चाचणीपासून प्रत्यक्ष प्रकल्पापर्यंत हे काम चार वर्षांच्या आत झालं. रासायनिक उद्योगात हा वेग विलक्षण म्हणावा लागेल. पारा नाहीसा होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. भरलेले दाणे पुढे नेऊन त्यांतला पारा काढावाच लागतो.

दुसरं उदाहरण पेट्रोलचं. उच्च प्रतीच्या पेट्रोलसाठी लहान रेणू जोडून मोठे करावे लागतात. त्यासाठी अनेक रिफायनऱ्यांत उत्प्रेरक म्हणून हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. हे आम्ल कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण ते आत झिरपत जातं, रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि हृदयाची लय बिघडवतं. म्हणूनच असं आम्ल हाताळणाऱ्या ठिकाणी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवतात. २१ जून २०१९ च्या पहाटे फिलाडेल्फियाच्या रिफायनरीत एक झिजलेला पाइप फुटला, स्फोट झाले, सव्वादोन टनांहून जास्त आम्ल सुटलं आणि सुमारे सतरा टनांचा लोखंडी तुकडा नदीपलीकडे जाऊन पडला. पाइपचं ते वळण १९७३ पासून बसवलेलं होतं. जीवितहानी झाली नाही, हे नशीब.

यावर हर्ली आणि वायर यांच्या त्या जुन्या अॅल्युमिनियमच्या द्रवाचाच वंशज कामी आला. शेव्हरॉन कंपनीने सॉल्ट लेक सिटीच्या रिफायनरीत २०२१ मध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल बाजूला ठेवून आम्लधर्मी क्लोरोअॅल्युमिनेट आयनी द्रवावर युनिट सुरू केलं. चीनमध्येही असे प्रकल्प आहेत. हा द्रव निरुपद्रवी आहे असं मुळीच नाही, पाणी लागलं की तोही आम्ल सोडतो. फरक इतकाच की तो ढग होऊन वस्तीकडे जात नाही, फुटलेल्या पाइपाखाली साचतो.

‘उडत नाही म्हणून पर्यावरणस्नेही’ ही जाहिरात आयनी द्रवांना सुरुवातीपासून चिकटली आहे, आणि ती तपासून घ्यायला हवी. बाष्प होत नाही म्हणजे श्वासातून जाणार नाही, हे खरं. पण सांडपाण्यातून जाऊ शकतो. लांब शेपटीचे इमिडाझोलियम आयन पेशींच्या आवरणात घुसतात. शेपटी जितकी लांब तितका अपाय जास्त. २०१८ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी उत्तर इंग्लंडमधल्या एका कचराभूमीजवळच्या मातीत आठ कार्बनी शेपटीचा असा आयन सापडल्याचं सांगितलं. पित्तनलिकांचा एक स्वयंप्रतिकार विकार आहे, जो मुख्यतः स्त्रियांना होतो. त्याची ठिणगी पाडण्यात या आयनाचा हात असू शकेल, अशी शंका त्यांनी मांडली आहे. ती अजून सिद्ध झालेली नाही. धातूवाल्या द्रवांत तर धातूचा हिशेब वेगळा करावा लागतो. लोखंड शरीराला ओळखीचं आहे. कोबाल्ट आणि निकेलबद्दल तसं म्हणता येत नाही.

म्हणूनच लेस्टरच्या त्या हिरव्या द्रवाकडे माझं लक्ष गेलं. अँड्र्यू अॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धन आयन म्हणून कोलीन निवडलं. कोलीन अंड्याच्या बलकात असतं, आपल्या शरीरालाही लागतं. कोलीन क्लोराइड टनावारी बनतं, स्वस्त आहे, पोल्ट्रीवाल्यांना विचारलं तर ते पोत्याचा भावही सांगतील. २००१ मध्ये या गटाने ते जस्ताच्या क्लोराइडबरोबर वितळवून आर्द्रता सोसणारे द्रव बनवले. २००४ मध्ये क्रोमियमची पाळी आली. एक भाग कोलीन क्लोराइड, दोन भाग स्फटिकजल असलेलं क्रोमियम क्लोराइड. काटेकोर शास्त्रज्ञ याला आयनी द्रव न म्हणता त्याचा चुलतभाऊ म्हणतात, कारण त्यात स्फटिकातलं थोडं पाणी असतं. ते पाणी मोकळं नसून बरंचसं धातूला बांधलेलं असतं.

यातला क्रोमियम त्रिसंयुजी. तो अगदी साळसूद नाही, कातडीला अॅलर्जी होऊ शकते, पण कर्करोगाच्या बाबतीत षट्संयुजीच्या जवळपासही नाही. दुसरा फायदा विजेचा. जुन्या टाकीत क्रोमियमचा एक अणू जॉबवर बसवायला सहा इलेक्ट्रॉन लागतात, इथे तीन. शिवाय जुन्या टाकीत शंभरातली दहा-वीस टक्केच वीज क्रोमियम चढवण्यात जाते, उरलेली हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात. तेच बुडबुडे आम्लाचा तुषार उडवतात. लेस्टरच्या प्रयोगांत नव्वद टक्क्यांहून जास्त वीज धातू चढवण्यात गेली. बुडबुडे नाहीत, तर धुकंही नाही.

मग भोसरीत हा द्रव का दिसत नाही? युरोपीय संघाच्या निधीतून ‘आयनमेट’ नावाचा मोठा प्रकल्प झाला, लेस्टरला मोठ्या टाक्यांवर चाचण्या झाल्या. पण द्रव दाट आहे. गरम करून पातळ करावा लागतो, जॉब बाहेर काढला की अंगाला भरपूर चिकटून येतो आणि धुताना वाया जातो. पिढ्यानपिढ्या सवयीची झालेली निळसर झाक आणि कडकपणा हुबेहूब आणणंही सोपं नाही. दरम्यान, पाण्यातल्याच त्रिसंयुजी क्रोमियमच्या टाक्या सुधारल्या आणि शोभेच्या कामात त्यांनी जागा घेतली. युरोपमध्ये सप्टेंबर २०१७ पासून क्रोमिक आम्ल परवानगीशिवाय वापरताच येत नाही, त्यामुळे तिथल्या कारखानदारांना बदलावंच लागलं. आपल्याकडे लहान शॉपवाल्याचं गणित वेगळं असतं. ग्राहकाला झळाळी हवी, तीही कालच्याच भावात. टाकीतलं द्रावण बदलायचं म्हणजे अॅनोड, रेक्टिफायर, धुण्याच्या टाक्या सगळंच बदलायचं.

तोवर जुन्याच टाकीवर काम करणाऱ्यांसाठी काही गोष्टी आजही करता येतात. द्रावणावर फेस धरणारं रसायन टाकलं किंवा प्लास्टिकच्या पोकळ गोळ्यांचा थर तरंगत ठेवला की तुषार बराच कमी होतो. वर्षातून एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाकाचा पडदा बघून घ्यायला पाच मिनिटं लागतात. नाकातून वारंवार रक्त येणं, खपली धरणं, शिट्टी वाजणं यांपैकी काहीही असेल तर आपलं काम काय आहे ते डॉक्टरांना आपणहून सांगावं, कारण ते विचारतीलच असं नाही. हातावर छोटी, न भरणारी जखम असेल तर तीही दाखवावी. आणि हवा ओढणारी यंत्रणा टाकीच्या काठाला, माणसाच्या तोंडापासून दूर लावलेली असावी. काकांच्या शॉपमध्ये पंखा होता. तो भिंतीवर, टाकीच्या मागे बसवला होता आणि सगळं धुकं समोर उभ्या असलेल्या माणसावर ढकलत होता.